हात सुटायला लागणारा वेळ

सकाळची गोळी अंगात भिनली की तासभर माझा हात माझं ऐकतो. त्या तासात हे लिहितोय. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं की समजायचं, आजचं लिहिणं संपलं. मग कागद मंडळींच्या, म्हणजे बायकोच्या, हवाली करून गप पडून राहतो. एवढं लिहायला अख्खा पावसाळा गेला.

ज्याच्या हाताला असा कंप सुटला असेल त्याने हे वाचावं, आणि त्याच्या घरच्यांनी तर आधी वाचावं. डॉक्टरी ज्ञान माझ्याजवळ नाही. मी श्रीगोंद्याचा कासार. सातवी पास झालो आणि वडिलांच्या मागे बांगड्यांची टोपली घेऊन आसपासची गावं फिरायला लागलो, ते थेट पन्नाशी ओलांडेपर्यंत. माझा आजार हाताच्या कंपाने सुरू झाला असं इस्पितळाच्या कागदावर लिहिलेलं आहे. माझ्या लेखी तो एका शब्दाने सुरू झाला, आणि तो शब्द आधी सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही.

*

परक्या बाईचा हात चार लोकांत हातात धरायची मुभा आमच्याकडे दोघांना. एक वैद्य-डॉक्टर, दुसरा कासार. बांगडी भरायची तर डाव्या हाताने बाईचा पंजा धरावा लागतो, अंगठ्याखालचं हाड दाबून हात मऊ करावा लागतो, आणि बोलता बोलता उजव्या हाताने बांगडी वर चढवावी लागते. हात धरायचा तो आपल्या बहिणीचा म्हणून धरायचा आणि काम झालं की लगेच सोडायचा. वडिलांनी मला मापं शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. सासवा आपल्या कोवळ्या सुना बिनघोर माझ्यापुढे बसवायच्या आणि स्वतः चुलीकडे जायच्या. मला सगळी गावं 'बापू' म्हणत.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची नागपंचमी. भीमेच्या अंगाला एक गाव आहे, तिथे ऊसवाल्यांचं मोठं घर. घरात गोदाआजींचा शब्द चाले. आजी सत्तरीच्या, नवरा खाटेवर पण हयात, त्यामुळे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार. त्या घरी नवी सून आली होती, तिचा पहिला सण. मी तिचा हात धरला, बांगड्या भरल्या, आणि हात सोडायचा तो सुटेना. मला सोडायचा होता. मनाने केव्हाच सोडला होता. पण बोटं उघडायला वेळ लावत होती, आणि त्या बोटांना बारीक थरथर लागली होती. पोरगी घाबरून सासूकडे बघायला लागली. सासू गोदाआजींकडे बघायला लागली.

"हात सोड, कासारा," आजी म्हणाल्या.

बापू नाही, कासारा. तोवर बोटं सुटली होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं, निदान तोंडावर काहीतरी दिसायला हवं होतं. पण माझा चेहरा तसाच, कोरा. ओटीवर बसलेल्या बायकांना आजी म्हणाल्या, "बघा, तोंडावर लाज तरी हाय का त्याच्या." मी टोपली उचलली आणि निघालो. त्या घरी पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही.

*

असली बातमी पायाने चालत नाही. मी घरी पोचायच्या आधी ती श्रीगोंद्याच्या बाजारात पोचली होती. दिवाळीपर्यंत माझ्यापुढे नवी सून कोणी बसवेना. म्हाताऱ्या यायच्या, त्याही हात पुढे करताना माझ्या तोंडाकडे रोखून बघायच्या. कोणी म्हणालं बापू प्यायला लागला, कोणी म्हणालं म्हातारपणी चळला. पिण्याचा आळ बरा वाटायचा, काय सांगू. पिणाऱ्याला लोक परत घरात घेतात.

मंडळी काही बोलल्या नाहीत. माझ्या बायकोचं नाव चंद्रभागा, पण मी तिला नावाने कधी हाक मारली नाही, इथेही नको. भाकरी वाढायची, टोपली पुसून ठेवायची, काम सगळं चोख. फक्त माझ्याकडे बघणं तिने बंद केलं होतं. संक्रांतीच्या आसपास एकदा, मी शर्टाच्या गुंड्यांशी झटापट करत बसलो होतो, तेव्हा ती दारातूनच, पाठमोरी, म्हणाली, "खरं सांगा. तुमच्या मनात काय नव्हतं ना?"

बत्तीस वर्षांचा संसार. मी नाही म्हणालो. माझा आवाज तोवर बसत चालला होता, शब्द तोंडातल्या तोंडात राहायचे, तेव्हा तो नकारही चोरट्यासारखा निघाला असणार. तिने मान हलवली आणि आत गेली. त्या दिवसाइतका मी पुढे इस्पितळातही कधी खचलो नाही. आणि खरं सांगायचं तर तोवर मला स्वतःलाच शंका यायला लागली होती. हात माझा, सोडत नाही म्हणजे मलाच सोडायचा नसेल की काय, असं वाटायचं. असल्या विचाराने माणूस आतून सडतो.

*

गावातले डॉक्टर भले माणूस. त्यांनी नसांची कमजोरी सांगितली आणि ताकदीची इंजेक्शनं सुरू केली. दर बाजारच्या दिवशी जायचं, दंड पुढे करायचा. बरं काहीच वाटेना. पाय घासत चालायला लागलो, डावा हात चालताना हलेनासा झाला, नुसता अंगाला लटकून राहायचा. होळीला माझा मेव्हणा पुण्याहून आला. तिथे एका कचेरीत शिपाई होता. त्याने मला विहिरीपर्यंत चालत जाताना बघितलं आणि बहिणीला म्हणाला, दाजींना मी घेऊन जातो, हे कमजोरीचं दिसत नाही. मंडळी बरोबर आल्या. एसटीत माझ्या शेजारी बसल्या, पण मध्ये पिशवी ठेवून.

पुण्याच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर तरुणच होते. त्यांनी मला चालायला लावलं, वळायला लावलं, माझं नाव ओळीने पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. नाव पहिल्या ओळीत बोराएवढं होतं, शेवटी मोहरीएवढं. मग हात मांडीवर ठेवून नुसतं बसा म्हणाले. हात थरथरायला लागला. हा पेला उचला म्हणाले. उचलताना थरथर कमी झाली. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "तुम्ही हसत नाही का हल्ली?"

मी म्हणालो, हसण्यासारखं काही घडत नाही.

"तसं नाही. हसू आलं तरी चेहऱ्यावर उमटत नाही, असं होतं का?"

मंडळी पटकन म्हणाल्या, होतं.

मग ते खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले आणि नीट, घाई न करता सांगितलं. मेंदूच्या बुडाशी एक काळसर जागा असते. तिथल्या पेशी, म्हणजे डोळ्याला न दिसणारे मेंदूचे कण, एक रस तयार करतात. हाताने हलावं कधी, थांबावं कधी, धरलेलं सोडावं कधी, चेहऱ्यावर हसू किंवा लाज कधी यावी, हे सगळं सुरळीत चालायला तो रस लागतो. माझ्या त्या पेशी मरत चालल्यात. का, ते अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाही. मेल्या त्या परत येत नाहीत. आणि हाताला कंप दिसायला लागतो तोवर बऱ्याचशा गेलेल्या असतात, वर्षानुवर्षं, गुपचूप. कंपवात म्हणतात तो हा.

मंडळींनी विचारलं, "म्हणजे हात धरला तर लवकर सुटत न्हाई, हे त्याच्यानंच?"

"त्यानेच. त्यांच्या मनात सोडायचं असतं. निरोप हाताला पोचायला वेळ लागतो."

ती रडायला लागली. डॉक्टरांना वाटलं, रोग बरा होत नाही हे ऐकून रडते. ते समजूत घालायला लागले. पण मला कळत होतं, ती सुटल्यासारखी रडत होती. माझ्या बायकोला मला बरा न होणारा रोग झाल्याचा आनंद झाला होता. मलाही झाला होता. असलं विपरीत सुख कोणाच्या वाट्याला येऊ नये, पण त्या दिवशी आम्हा दोघांना ते मिळालं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर तिने पिशवी खाली ठेवली आणि माझा थरथरणारा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत.

*

नवीन औषध निघालं होतं, मुंबईहून मागवावं लागायचं. त्या रसाचा कच्चा माल म्हणा. पोटात घ्यायचा, मेंदूपर्यंत जायचा आणि ज्या पेशी शिल्लक आहेत त्यांनी त्याचा रस करायचा. पेशी वाचवायचं औषध ते नव्हे, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. थोडं थोडं वाढवत न्यायचं म्हणून मला वॉर्डात ठेवून घेतलं.

वॉर्डाचं काय सांगायचं. पहाटे उठवायचे, झाडू मारायचे, थर्मामीटर तोंडात द्यायचे, मग दिवस डोंगराएवढा. गोळी घेतली की ओकारी. नाश्ता ओकायचा, दुपारचं ओकायचं, आणि पुन्हा गोळी घ्यायची. डोळे मिटून पडलं की मी त्या पेशींचा विचार करायचो. मी लग्नाघरी नवरीला चुडे भरत होतो, पान खाऊन गप्पा हाणत होतो, पोरींच्या चेष्टा करत होतो, आणि आत एकेक दिवा विझत होता. मला पत्ता नव्हता. आपल्याच घरातलं माणूस मरावं आणि आपल्याला कोणी कळवू नये, तसं वाटायचं. भीती वाटायची ती मरणाची नव्हे. आज हाताच्या गेल्या, उद्या बायकोला ओळखणाऱ्या पेशी गेल्या तर, याची वाटायची. डॉक्टरांना विचारायचा धीर शेवटपर्यंत झाला नाही.

एक आया होती. बाकीच्यांना कपभर चहा ओतायची आणि मला अर्धाच. मी आधी मनातल्या मनात चिडलो. मग लक्षात आलं, अर्धा कप सांडत नाही. मी तो संपवला की न विचारता उरलेला अर्धा ओतून जायची. मी तिचं नाव विचारून घ्यायला हवं होतं.

मग एका सकाळी मी शर्टाच्या गुंड्या लावल्या. लावून झाल्यावर कळलं की लावल्या. मंडळी शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंशी बोलत होत्या. मी हाक मारली, तिने वळून बघितलं आणि म्हणाली, "हसताय तुम्ही."

*

घरी आलो तर पाऊस नाही. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला लागली. खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात काचेची बांगडी टिकत नाही, त्यामुळे धंदा तसाही बसलाच होता. पण ज्या कोणी अजून बांगड्या भरत, त्या माझ्याकडे येत नव्हत्या.

मंडळींनी मग एक काम केलं. मी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर कदाचित केलं नसतं. डोक्यावर टोपली घेऊन ती एकेका गावी गेली आणि ओटीवर बसून प्रत्येक घरात डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. काळी जागा, पेशी, रस, सगळं. गोदाआजींच्या घरीही गेली. आजींनी सगळं ऐकून घेतलं. बांगड्या मात्र घेतल्या नाहीत.

बाकी गावांनी ऐकलं, पण आपल्या परीने ऐकलं. मेंदू म्हटल्यावर लोकांनी त्याचा अर्थ वेड असा धरला. आता म्हणायला लागले, बापू चळला नव्हता, बापूच्या डोक्यात बिघाड झालाय. शुभकार्याच्या घरी वेडा माणूस कशाला. चारित्र्यावरचा डाग गेला आणि डोक्यावर आला. मी मंडळींना म्हणालो, आता पुरे, उगाच पाय झिजवू नकोस. ती म्हणाली, वेडा चालंल, दुसरं नको. मग आम्ही दोघंही हसलो. तोवर मला हसता येत होतं.

*

पुढचं नीट वाचा. यात आमच्यासारखी घरं हमखास फसतात.

हळूहळू औषध उतरायला लागलं. तीच गोळी, तीच वेळ, पण हात पुन्हा थरथरायचा, पाय जमिनीला चिकटायचे. दिवाळीपर्यंत मी कूस बदलायलाही मंडळींना हाक मारायला लागलो. तिचा जीव मेटाकुटीला आला. दुष्काळात पाणी आणायचं, चार बांगड्या विकायच्या आणि रात्रंदिवस मला उचलायचं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, मला आता होत न्हाई हो. तक्रार नव्हती ती, नुसतं सांगणं. मला वाटलं, शिल्लक पेशीही संपल्या. आता कच्चा माल देऊन काय उपयोग, घडवणारंच कोणी उरलं नाही.

मेव्हण्याने ओढून पुन्हा पुण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का? मी नाही म्हणालो. मंडळी नाही म्हणाल्या. देवाची शपथ घेतली असती तरी तेच सांगितलं असतं. डॉक्टरांनी हरप्रकारे विचारलं. वैद्याचं काही? नाही. कोणाचा काढा? नाही. शेवटी थकून त्यांनी विचारलं, बरं, दिवसभर पोटात आणि अंगात काय काय जातं ते सांगा. तेव्हा मंडळी म्हणाल्या, औषध काहीच न्हाई, फक्त ताकदीचं इंजेक्शन, दर बाजारी, आणि ताकदीच्या पिवळ्या गोळ्या.

आता ताकदीच्या इंजेक्शनला आमच्याकडे औषध कोण म्हणतं? ते दूध-तुपासारखं. पुण्याची गोळी उष्ण, अंगातलं पाणी शोषते, म्हणून बायकोने गावातल्या डॉक्टरांना सांगून ते पुन्हा सुरू केलं होतं. त्यांना पुण्याचं नवं औषध ठाऊक नव्हतं, त्यांनीही मायेनेच दिलं. आणि मी जितका खचत गेलो तितक्या मायेने तिने ताकद वाढवत नेली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, त्या ताकदीच्या इंजेक्शनात आणि गोळीत एक जीवनसत्त्व असतं. त्याच्यामुळे तुमच्या औषधाचा रस अंगातच, वाटेत होऊन जातो. मेंदूपर्यंत कच्चा माल पोचतच नाही. पेशी बिचाऱ्या वाट बघत बसतात.

मंडळींचं तोंड पांढरं पडलं. मी तिला घालूनपाडून बोललो नाही, एवढं एक बरं केलं. इंजेक्शन आणि पिवळ्या गोळ्या बंद झाल्या आणि हळूहळू हात परत आला. पहिल्याइतका नाही, पण आला. तेव्हा ज्याला हा आजार आहे त्याने आपल्या डॉक्टरांना सगळं सांगावं. काढा, चूर्ण, ताकद, जे आपण औषधात धरत नाही ते तर आधी सांगावं.

*

दुष्काळ सरला. एक बरं साल गेलं. वैशाखात गोदाआजींच्या घरून निरोप आला. नातीचं लग्न आहे, नवरीला चुडा भरायचाय. कासारणीला घेऊन बापूंनी यावं.

मी नको म्हणालो. मला राग होता, अजून थोडा आहे. आणि रागापेक्षा जास्त कंटाळा होता. पुन्हा सगळ्यांसमोर बसायचं, पुन्हा हात बघितला जाणार. नवरीच्या चुड्यातली बांगडी माझ्या हातून वाढली, फुटली म्हणू नये, तर मग पुढे कोणीच विचारणार नाही, बायकोलाही नाही, आणि आमचं पोट आता तिच्याच टोपलीवर होतं. मंडळी म्हणाल्या, गोळी घेऊन जाऊ, तुमचा तास धरून. नाहीच जमलं तर मी भरीन.

तास धरला, पण लग्नघर घड्याळावर चालतं का? पाहुण्यांची बैलगाडी यायची राहिली, मग हळद राहिली, मग कोणी रुसलं. माझा चांगला तास मांडवात बसून सरला. नवरीला आणून समोर बसवली तेव्हा डावा हात मांडीवर थरथरत होता आणि चेहरा गोठायला लागला होता. ओटी बायकांनी भरलेली. त्यातल्या निम्म्या त्या पंचमीलाही तिथेच होत्या. मी मंडळींना खूण केली, तू भर. ती पुढे सरकली.

गोदाआजी मधे आल्या. गुडघ्यांवर हात टेकत नवरीच्या शेजारी बसल्या, आणि माझ्यासमोर आपला उजवा हात ठेवला. सत्तरीपारचा हात, सांधे सुजलेले, बांगडी चढायला सगळ्यात अवघड.

"आधी माझ्या हातात भर," म्हणाल्या. "पोरीला बघू दे, हात कसा हलतो ते."

मी हात धरला. तो हलत होता आणि माझ्या हाताबरोबर आजींचाही हलत होता. सगळ्या बायका बघत होत्या. पहिली बांगडी आत गेली. दुसरी गेली. तिसरी सांध्यावर अडली, माझी बोटं वेळेवर सैल पडली नाहीत आणि काच पिचली. हातावर रक्ताची रेघ उमटली. कोणीतरी बाई पुटपुटली. आजींनी पदराने रक्त टिपलं.

"वाढली," म्हणाल्या. "दुसरी घे."

दुसरी घेतली, ती चढली. काम झालं आणि हात सोडायची वेळ आली. बोटं उघडेनात. आजींनी हात ओढून घेतला नाही. बोटं आपल्या वेळेने सुटेपर्यंत त्या बसून राहिल्या, माझ्याकडे बघत. मग नातीकडे वळल्या.

"मेंदूचं हाय हे, मनाचं न्हाई. दे हात."

माफी त्यांनी मागितली नाही, मीही तिची वाट बघितली नाही. नातीने दोन्ही हात माझ्यासमोर ठेवले. मंडळींनी हिरव्या बांगड्यांचा दोरा सोडला आणि एकेक बांगडी माझ्या हातात देत गेल्या.